मदत हवी आहे: बॅटऱ्या बदलल्या आणि रोबोटचं झिरो गेलं

मंडळी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं लहानसं वेल्डिंगचं शेड आहे. सेकंडहँड घेतलेला सहा अॅक्सिसचा (म्हणजे सहा फिरत्या जॉइंटचा) रोबोट चार वर्षं गुमान चालला. परवा पोरानं मेन स्विच पाडून एन्कोडरच्या (जॉइंट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) बॅटऱ्या बदलल्या. कंट्रोलर चालू ठेवून बदलायच्या असतात, हे त्याला सांगायचं राहिलं ते माझंच. झालं, झिरो, म्हणजे प्रत्येक जॉइंटची लक्षात ठेवलेली शून्य जागा, गेलं!

सगळे जॉइंट खुणेवर आणून पुन्हा मास्टरिंग केलं, म्हणजे तिथंच शून्य आहे असं कंट्रोलरला सांगितलं. पाच अॅक्सिसच्या खुणा झकास जुळल्या. तिसऱ्याच्या खुणेवर मात्र आधीच्या मालकानं रंग फासलाय. घासून बघितलं तर निम्मीच रेघ दिसली, तिच्यावरच भागवलं. आता एकेक जॉइंट बरा फिरतो, पण वेल्डिंग टॉर्चचं टोक पिनेवर धरून नुसतं मनगट फिरवलं की टोक चार-पाच मिलिमीटर सरकतंय. सरळ रेषेत चालवला तर सीम (वेल्डिंग करायचा सांधा) सोडून पळतो.

टीसीपीला (टॉर्चचं टोक नेमकं कुठं आहे त्या सेटिंगला) मी हात लावलेला नाही, त्यामुळं संशय तिसऱ्या अॅक्सिसवरच. बरोबर आहे का? खूण नसताना तो अॅक्सिस स्पिरिट लेव्हल लावून बसवता येईल का? उद्यमनगर किंवा गोकुळ शिरगावात डायल गेज लावून मास्टरिंग करणारं कुणी असेल तर सांगा. साठ प्रोग्राम परत शिकवायचे म्हणजे मरणच हो.