वाढीव वॉरंटी आणि उशिरा झालेले एक सर्व्हिसिंग

संथचाल:
मोटारसायकल घेताना मूळ वॉरंटीच्या पुढची दोन वर्षांची वाढीव वॉरंटी मी घेतली होती. माझी गाडी वर्षाला जेमतेम 3,000 किलोमीटर चालते. पुढचे सर्व्हिसिंग 5,000 किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी करायचे होते; किलोमीटर भरले नाहीत म्हणून मी थांबलो आणि ते चाळीस दिवस उशिरा झाले. आता स्टार्टर मोटर बंद पडली आहे आणि त्या उशिराकडे बोट दाखवून सेवा केंद्राने दावा नाकारला आहे. स्टार्टर मोटरचा ऑइल बदलण्याशी काय संबंध?

जुना_गिअर:
आपण जे वाक्य अर्धेच वाचलेत, त्यात बहुतेक सर्वजण अडकतात. ‘किलोमीटर किंवा महिने, यापैकी जे आधी होईल ते’ असा तो नियम असतो, त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीला महिन्यांचीच अट आधी लागू होते. ती निराधारही नाही. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, ऑइलमध्ये शिरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि ऑइल न चालताही खराब होत जाते. अर्थात हे झाले इंजिनाचे. स्टार्टर मोटरबाबत आपली शंका रास्त आहे.

पानापानाने:
प्रथम वॉरंटी कोणाची आहे ते पाहावे, कारण निर्मात्याने स्वतः वाढवलेली वॉरंटी आणि त्रयस्थ कंपनीने विकलेला करार यांच्या अटी सारख्या नसतात. त्यानंतर दोन गोष्टी शोधाव्यात: सर्व्हिसिंगला मागेपुढे किती दिवसांची सवलत आहे, आणि उशीर झाल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द होते की केवळ त्या उशिरामुळे झालेला बिघाड वगळला जातो. आपले प्रकरण या दुसऱ्या मुद्द्यावरच ठरेल. नकार तोंडी घेऊ नये. कोणत्या कलमान्वये दावा फेटाळला, हे लेखी मागावे. मोटर बाहेर खोलून घेण्याची घाई तर मुळीच करू नये, कारण मग सुट्या भागांत ढवळाढवळ झाल्याचे आयते कारण त्यांना मिळते.

जुना_गिअर:
आणखी एक विचारतो: जास्तीचे दिवे किंवा हॉर्न बसवताना मूळ वायरिंग कापले आहे का? विजेच्या भागांच्या दाव्यात उशिरापेक्षा हेच अधिक नडते. तसेच ऑइल बाहेरून भरले असल्यास डब्यावरची श्रेणी तपासावी. ज्या गाड्यांचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यांना साधारणपणे जासो एमए (मोटारसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) श्रेणीचे ऑइल सांगितलेले असते. चारचाकी मोटारीचे ऑइल घातल्याने क्लच घसरू लागला, तर क्लच प्लेटा झिजणारा भाग म्हणून वगळल्या जातात आणि वर चुकीच्या ऑइलचा ठपका येतो, तो वेगळाच.

संथचाल:
वायरिंगला कोणी हात लावलेला नाही आणि ऑइल सेवा केंद्रातच भरले होते. पुस्तिका आता नीट वाचली. सवलत पंधरा दिवसांची आहे, म्हणजे उशीर माझाच. मात्र ‘विहित सर्व्हिसिंग न केल्यामुळे उद्भवलेले बिघाड’ वगळले जातील, एवढेच कलमात म्हटले आहे. त्या कलमाचा हवाला देऊन आणि आजवरच्या सर्व जॉब कार्डांच्या प्रती जोडून उद्या लेखी अर्ज देतो.

पानापानाने:
अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.