मदत हवी आहे: कामाचे अगदी जवळून फोटो काढायला कोणता कॅमेरा?

झटपट:
कॅमेरा घ्यायचाय, लवकर. कामाचे फोटो अगदी जवळून काढावे लागतात, मोबाइलवर ते धड येत नाहीत. मधलं स्पष्ट आणि कडा वाहून गेलेल्या, वर मोबाइलची सावली नेमकी तिथेच पडते. व्हिडिओ बघून बघून डोकं बधिर झालंय. मेगापिक्सेल किती हवेत आणि मॉडेल कुठलं, एवढंच सांगा. डीएसएलआर की मिररलेस यावर निबंध नकोत. आगाऊ धन्यवाद.

रानवाट:
वा, मस्त छंद! फुलपाखरं टिपणार असाल तर १०० एमएमच्या खालची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घेऊच नका. ६० एमएम घेतलीत तर इतकं जवळ जावं लागतं की किडा कधीच उडालेला असतो. आणि जायचं ते पहाटे, दव असताना. पंख गारठलेले असतात, बिचारे हलत नाहीत.

मोजपट्टी:
वस्तू कुठली, केवढी, हलते का, चकाकते का, फोटो छापणार की नुसते पाठवणार, सध्या हाताशी काय आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

झटपट:
फुलपाखरं कुठून आली? कामाचे फोटो म्हटलंय. रिपेअरचं काम. हलत नाही. वस्तू छोटी. फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचे.

मोजपट्टी:
छोटी म्हणजे घड्याळाचं चक्र की मिक्सरचं भांडं?

जुनी_रीळ:
२००२ साली निकॉनचा कूलपिक्स ४५०० आला होता. ४ मेगापिक्सेल फक्त. पण २ सेंमीवर फोकस व्हायचा आणि लेन्सचा अर्धा भाग पिळून फिरवता यायचा. टेबलावर वाकायची गरजच नाही. आता तसे कॅमेरे कोणी बनवत नाही. असो.

झटपट:
सर्किट बोर्ड हो. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर. आयसीवरचा (चिपवरचा) नंबर वाचता आला पाहिजे आणि सोल्डरचा जॉइंट दिसला पाहिजे. कधी अख्खा बोर्ड तळहाताएवढा, कधी एकच ०६०३ मापाचा बारीक रेझिस्टर. आता तरी मॉडेल सांगा.

एकच_मंत्र:
ऑलिम्पस टीजी-६, नाहीतर त्याच्या पुढचा ओएम सिस्टिमचा टीजी-७. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंमीवर फोकस होतो, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून सगळं स्पष्ट करणं) कॅमेऱ्यातच. खिशात मावतो, पाण्यात चालतो. विषय संपला.

मोजपट्टी:
बोर्ड पाण्यात बुडवून दुरुस्त करत नसावेत. आणि १ सेंमीवर लेन्स टेकवल्यावर उजेड कुठून घालणार?

एकच_मंत्र:
त्यालाच एलजी-१ नावाची कडी मिळते. कॅमेऱ्याचा स्वतःचा एलईडी लेन्सभोवती गोल फिरवते. माहिती नसेल तर विचारावं.

मोजपट्टी:
माहिती आहे, म्हणूनच म्हणतोय. सोल्डरचा प्रत्येक थेंब आरसा असतो. गोल दिवा लावलात की प्रत्येक जॉइंटवर पांढरं कडं उमटतं आणि जॉइंट तडकलाय की नाही हे त्या कड्याखालीच झाकलं जातं.

काचवाला:
त्यात काय, लेन्सवर सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझिंग) फिल्टर लावा. चमक गायब.

मोजपट्टी:
काचेवरची, पाण्यावरची, वार्निशवरची जाईल. उघड्या धातूवरची नुसत्या सीपीएलने जात नाही. दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावून लेन्सवरचा फिल्टर तिला आडवा फिरवलात तर जाते, पण मग सोल्डर काळं पडतं आणि जॉइंटचा आकारच कळत नाही.

काचवाला:
मी दागिन्यांचे फोटो काढतो, मला शिकवू नका.

मोजपट्टी:
दागिने छानच दिसत असतील. इथे छान दिसायचं नाहीये, दोष दिसायचा आहे.

@झटपट, मेगापिक्सेलचा हिशोब एकदा करतो, मग तो प्रश्न सोडा. एपीएस-सी सेन्सर (बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो तो) साधारण २३.५ मिमी रुंद. १:१ मॅक्रो म्हणजे बोर्डाचा २३.५ मिमीचा तुकडा सेन्सरवर तेवढाच उमटतो. २४ मेगापिक्सेलला रुंदीत ६००० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला अडीचशे. ०६०३ रेझिस्टर १.६ मिमी लांब, त्याला चारशे पिक्सेल मिळाले. गिऱ्हाईक फोन आडवा धरून बघणार, त्याला हे डोक्यावरून पाणी.

अडचण फोकसच्या खोलीची आहे. १:१ वर एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर स्पष्ट येतं. कॅपॅसिटरचं डोकं फोकसमध्ये धरलं की बोर्ड धूसर.

काचवाला:
मग एफ/२२ करा. इतकं सोपं आहे.

मोजपट्टी:
१:१ ला एफ/२२ चा प्रत्यक्षात एफ/४४ होतो. डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरतो) सगळंच सारखं मऊ. त्यापेक्षा कॅमेरा बोर्डाला अगदी समांतर टांगा, म्हणजे स्पष्ट पट्टा कमी असला तरी पुरतो. उंच भाग असतील तर थोडं थोडं सरकवत पाच-सहा फोटो काढून हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

टकटक:
कॅमेरा कशाला? नंबर वाचायचाय ना? आयसीवर पांढरा खडू चोळा आणि बोटाने पुसा. लेझरने कोरलेल्या रेघांत खडू बसतो. फुकट.

सूक्ष्मदर्शी:
यूएसबी मायक्रोस्कोप घ्या. कॅमेऱ्याच्या नादी लागू नका.

झटपट:
मायक्रोस्कोप आहेच टेबलावर, त्यातूनच सोल्डरिंग करतो. मला कॅमेरा हवाय.

सूक्ष्मदर्शी:
अहो, मग हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! दोन नळ्यांचा की तीन? तिसरी नळी असेल तर तिथे कॅमेरा बसतो.

झटपट:
दोन. आणि घरात भावाचा जुना डीएसएलआर पडलाय, १८-५५ एमएम लेन्सवाला. पण त्याने जवळचं येत नाही म्हणूनच तर नवीन विचारतोय.

मोजपट्टी:
🤦 रेनॉक्स डीसीआर-२५० घ्या. ८ डायॉप्टर ताकदीचं भिंग आहे, १८-५५ च्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं. ५५ वर ठेवून फोकस अनंतावर नेलात की साधारण ०.४४ पट मिळतं, म्हणजे बोर्डाचा सव्वापाच सेंमी पट्टा. लेन्स ते बोर्ड बारा सेंमीच्या आसपास जागा राहते, सावली पडत नाही आणि दिवा हवा तसा वळवता येतो. अख्खा बोर्ड हवा तेव्हा भिंग काढून ठेवा. ट्रायपॉड आडव्या दांडीचा बघा, २ सेकंदांचा टायमर लावा.

दिवा एकच, बाजूने, अगदी खाली झोपलेला. कोरलेले आकडे तिरप्या उजेडातच वर येतात. जॉइंटसाठी त्याच दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर उभा धरा.

जुनी_रीळ:
एक्स्टेन्शन ट्यूबही (कॅमेरा आणि लेन्सच्या मधली पोकळ नळी) चालेल. मात्र विद्युत संपर्क असलेली घ्या, नाहीतर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) हलत नाही.

एकच_मंत्र:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा टीजी-७.

झटपट:
दिवा आडवा करून मोबाइलनेच आत्ता काढला. आयसीचा नंबर आला! ट्रेसिंग पेपरने जॉइंटवरचा डागही गेला. कडा मात्र अजून वाहतात.

मोजपट्टी:
खूप जवळ गेलात की बरेच मोबाइल आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातात, तिच्या कडा कच्च्याच असतात. थोडं मागे या आणि २एक्स लावा. डीएसएलआरची सर येणार नाही, पण आजचं काम निभेल.

झटपट:
बरं. भिंग मागवतो. डीएसएलआर सुरूच होत नाहीये, बॅटरी मेली असेल का?

टकटक:
बोर्ड दुरुस्त करता ना? उघडून बघा.

रानवाट:
त्या रेनॉक्सने कोळ्याचे डोळे येतील का?

मोजपट्टी:
येतील. नवीन धागा काढा.