‘हरताळ फासणे’ यातला हरताळ कुठला?

प्रश्न : ‘नियमांना हरताळ फासला’ हे वर्तमानपत्रात सारखं दिसतं. हरताळ म्हणजे बंद ना? मग तो फासायचा कसा?

उत्तर : तुम्ही बरोबर क्रियापदावर बोट ठेवलंत. फासतात तो शेंदूर, फासतात ते काळं. बंद पाळतात किंवा पुकारतात. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत त्यांचं रूप एक झालं आहे.

बंदचा हरताळ गुजरातीतल्या ‘हडताळ’चा भाऊ. हाट आणि ताळं, म्हणजे बाजाराला कुलूप. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी देशभर पाळला गेला तो हा.

फासायचा हरताळ म्हणजे रंग. संस्कृतात हरिताल. आर्सेनिक आणि गंधक यांचं हे पिवळंजर्द खनिज, अभ्रकासारखे पापुद्रे सुटणारं. लॅटिनमध्ये त्याला ‘ऑरिपिगमेंटम’ म्हणत, म्हणजे सोन्याचा रंग. आपल्याकडचे लघुचित्रकार त्यात नीळ घोटून हिरवा रंग करत. शिशाच्या किंवा तांब्याच्या रंगाशेजारी मात्र तो काळवंडतो, म्हणून जपून वापरावा लागे.

आता पोथीकडे या. लिहिताना चूक झाली की लेखनिक हरताळ डिंकाच्या पाण्यात कालवून त्या अक्षरांवर फासायचा आणि वाळल्यावर वरून नवं अक्षर लिहायचा. आजोळच्या एका पोथीत मी हे पाहिलंय. ओळीच्या मधोमध नखाएवढा पिवळा डाग, त्यावर ठसठशीत ‘त’, आणि पान उजेडाकडे तिरकं धरलं की खालच्या चुकलेल्या अक्षराची सावली. जुन्या कागदाच्या पिवळट रंगात तो डाग खुपतही नाही. शिवाय विष असल्यामुळे किडीपासून राखण होई. कित्येकदा अख्खा कागदच हरताळ लावून घेत. (अशी पोथी हाताळली तर हात नीट धुवा.)

म्हणून हरताळ फासणे म्हणजे लिहिलेलं पुसून टाकणे, रद्द करणे. हिंदीतही ‘हरताल फेरना’ याच अर्थाने आहे.

प्रश्न : मग ‘रस्त्याच्या कामाला हरताळ फासला’ चालेल?

उत्तर : माझ्या कानाला खटकतं. काम नुसतं थांबलं असेल तर ‘रखडलं’ म्हणा. आधी काही ठरलेलं, लिहिलेलं, कबूल केलेलं असावं आणि ते कुणीतरी मोडावं, तिथे हा वाक्प्रचार शोभतो. नियम, करार, वचन, तत्त्व, घटनेतलं कलम यांना हरताळ फासला जातो. अर्थ सैल होत गेला तर त्यातला तो पिवळा डागच हरवेल, आणि मला त्याचं फार वाईट वाटेल.

प्रश्न : हरतालिकेचा याच्याशी काही संबंध?

उत्तर : नाही. तिथे ‘आलि’ म्हणजे सखी. सखीने हरून नेलेली पार्वती, ती हरतालिका, अशी परंपरेने सांगितलेली फोड आहे.