पीए स्कूलसाठी बेडपॅनचे तास मोजायला लावणं हा निव्वळ जाच नाही का?

एडिसनवाला

विषय घरचा आहे, पण मत चारचौघांत मांडतोय. मुलगी गेल्या मेमध्ये बायोलॉजी घेऊन ग्रॅज्युएट झाली, जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी, चारपैकी) ३.७. पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, व्हायचं तिनं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीच ठरवलं होतं. (भारतातल्या वाचकांसाठी: इथे पीए डॉक्टरच्या जोडीनं पेशंट तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो. कॉलेजनंतर साधारण २७ महिन्यांचा मास्टर्स, मग पॅन्स ही परीक्षा, मग राज्याचं लायसन्स.) सप्टेंबरात नऊ शाळांना अर्ज केले. एक इंटरव्ह्यू, तिथे वेटलिस्ट, आणि ती वेटलिस्ट काही हलली नाही. परवा नकाराची ईमेल आली.

एका शाळेनं विचारल्यावर सांगितलं की पेशंट केअरचे तास, म्हणजे अर्जाआधी पेशंटसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे तास, कमी पडले. अर्जात ६५० होते, तेही स्क्राइबचे. म्हणजे अर्जंट केअरमध्ये डॉक्टरच्या मागे लॅपटॉप घेऊन उभं राहायचं आणि ते बोलतील ते टिपायचं. आता पठ्ठीनं सीएनएचा, म्हणजे नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचा, कोर्स लावलाय. नर्सिंग होममध्ये वर्षभर काम करणार म्हणते. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, डायपर बदलायचे, भरवायचं.

कामाची लाज नाही, हे आधीच सांगतो. पण बेडपॅन उचलून कुणाला निदान करता यायला लागल्याचं मी ऐकलेलं नाही. शाळांकडे अर्जांचे ढीग येतात, ते चाळायला एक आकडा हवा. हा टोलनाका आहे झालं. मेडिकल स्कूल असले तास मागत नाही. मग एवढं वर्ष घालवायचंच तर एमकॅटचा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) अभ्यास करून सरळ डॉक्टरच का होऊ नये?

बायको म्हणते गप्प बसा. तुम्ही काय म्हणता?

रात्रपाळी

काकू बरोबर बोलतायत. :)

इमर्जन्सीत अकरा वर्षं पीए आहे. पीए होण्याआधी तीन वर्षं अँब्युलन्सवर ईएमटी होते.

काका, हे तास कुणी मागाहून डोक्यावर बसवलेले नाहीत. हा पेशाच त्यांच्यावर उभा राहिलाय. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला तेव्हा त्यात चार जण होते, चौघेही नौदलातले माजी कोअरमन, म्हणजे सैनिकांवर उपचार करणारे मदतनीस. जखमा बांधलेले, सलाइन लावलेले, माणूस हातात मरताना पाहिलेले. डॉक्टर कमी पडत होते आणि ही अनुभवी मंडळी नौदलातून बाहेर पडल्यावर नुसती बसून होती. यांना पेशंटला हात कसा लावायचा ते शिकवावं लागणार नाही, उरलेलं दोन वर्षांत शिकवू, असा तो हिशेब होता. २७ महिन्यांत माणूस तयार होतो तो याच गृहीतकावर. आधीचे तास काढून टाकलेत तर कोर्स लांबवावा लागेल. डॉक्टरला पुढे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी असते, पीएला ती सक्तीची नाही. आमची कच्ची उमेदवारी शाळेच्या आधी होते, एवढाच फरक.

आता बेडपॅनबद्दल. माझी एक विद्यार्थिनी होती, आधी दोन वर्षं सीएनए. ८८ वर्षांच्या आजी ताप आणि बडबड म्हणून आल्या. आम्ही सगळे लघवीच्या नाहीतर छातीच्या इन्फेक्शनच्या मागे. ही मात्र न सांगता चादर पालटायला गेली. अर्धी चादर गुंडाळून आजींच्या पाठीखाली सरकवली, त्यांना हलकेच कुशीवर घेतलं, आणि थांबली. माकडहाडापाशी लाल चट्टा. तिनं बोटानं दाबला. पांढरा पडला नाही, म्हणजे बेडसोरची सुरुवात. दुसऱ्या बाजूला टाचेवर तर जखम उघडीच होती, मोज्याच्या आत. नर्सिंग होमच्या कागदावर लिहिलेलं: त्वचा ठीक. पेशंटला पालथं करून बघायचं असतं ही सवय पुस्तकानं लागत नाही हो. ज्यानं शंभर वेळा पालथं केलंय त्याचा हात आपोआप जातो.

आणि एक कटू गोष्ट. तुमच्या मुलीचं घोडं तासांवर अडलंच असेल, पण सप्टेंबरवरही अडलं असणार. कॅस्पा, म्हणजे पीए शाळांचं एकत्र अर्ज करायचं पोर्टल, एप्रिलच्या शेवटी उघडतं. बहुतेक शाळा अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात. सप्टेंबरात अर्ज करणं म्हणजे पंगत उठायच्या वेळी पान मांडणं.

लॅपटॉपवाली

पीए स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आत्ता रोटेशन्स (वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीनं काम शिकणं) चालू आहेत. रात्रपाळी ताईंशी अर्धी सहमत, अर्धी अजिबात नाही.

स्क्राइबच्या कामाला सगळे नुसतं टायपिंग म्हणून हिणवतात त्याचा मला राग येतो. कार्डिऑलॉजीच्या क्लिनिकमध्ये १८०० तास स्क्राइब होते. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की डॉक्टर विचारणार: कधी सुरू झालं, काय करताना, कसं दुखतं, कुठे पसरतं, कशानं थांबतं, सोबत घाम किंवा मळमळ? रोज पंधरा वेळा ऐकलं. उत्तर काय आलं की पुढचा प्रश्न कोणता, आणि कुठल्या उत्तरावर डॉक्टरांचा आवाज बदलतो, हे मला दुसऱ्या कुठल्या नोकरीनं शिकवलं असतं? पहिल्या वर्षी आमच्या वर्गातल्या सीएनएंना हिस्टरी लिहिताना घाम फुटत होता. मी त्यांना शिकवत होते, आणि त्या मला रक्तदाब घ्यायला. (पहिल्या दिवशी मी पट्टा उलटा बांधला होता. असो.)

खरा घोळ शाळांचा आहे. कॅस्पात दोन वेगळे रकाने आहेत, पेशंट केअर (पेशंटची प्रत्यक्ष काळजी) आणि हेल्थ केअर (दवाखान्यातलं बाकीचं काम). स्क्राइबला एक शाळा पहिल्यात धरते, दुसरी शाळा दुसऱ्यात ढकलते. एकच काम, एकच माणूस, आणि शाळा बदलली की १८०० चे शून्य होतात. काकांचा टोलनाका हा शब्द मला त्या अर्थानं पटतो. प्रत्येक नाक्यावर दर वेगळा.

सांगलीची डॉक्टरीण

इथे सगळे वर्ष घालवायचं की नाही यावर बोलताहेत. ज्यांना तास करायची परवानगीच नाही त्यांचं काय?

मी बीएचएमएस. साडेपाच वर्षांचं शिक्षण, मग सांगलीत चार वर्षं प्रॅक्टिस. लग्न होऊन डॅलसजवळ आले ती एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारानं. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर होऊन माझं ईएडी (कामाचा परवाना) येईपर्यंत एक डॉलर कमवणं बेकायदा. हॉस्पिटलात फुकट व्हॉलंटियर झाले, तर व्हीलचेअर ढकला आणि फुलं पोचवा, पेशंटला हात लावायचा नाही. म्हणजे ते तास पेशंट केअरचे नाहीतच.

शिकायला बंदी नाही म्हणून कम्युनिटी कॉलेजात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी सगळं पुन्हा केलं, कारण बऱ्याच शाळा भारतातले विषय धरत नाहीत. डब्ल्यूईएस या संस्थेकडून मार्कशीटांचं मूल्यमापन करून घेतलं, तर कळलं की परदेशातले मार्क कॅस्पा जीपीएत मोजतच नाही. माझा जीपीए म्हणजे कम्युनिटी कॉलेजचे सहा विषय. त्यात एका लॅबला बी मिळाला तो आभाळाएवढा दिसतो. नंतर एक विषय पुन्हा करून ए आणला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. हे मुलांना पहिल्या वर्षीच सांगून ठेवा. वरून काही शाळा थेट लिहितात, नागरिक किंवा ग्रीनकार्डवालेच हवेत.

ईएडी आलं त्या आठवड्यात मेडिकल असिस्टंट म्हणून लागले. क्लिनिकची मॅनेजर मला नाडी कशी बघायची ते दाखवत होती. मी बघितली. काय करणार!

म्हणून एडिसनवाले, तुमच्या लेकीला हवं ते काम करायची मुभा आहे, हीच केवढी मोठी गोष्ट. जाच म्हणू नका.

लेस्टरचा जीपी

इंग्लंडातून लिहितोय, त्यामुळे सूर वेगळा लागेल.

आमच्याकडे हे उलट्या बाजूनं करून पाहिलं. बायोसायन्सची पदवी असली की दोन वर्षांचा कोर्स, हजारो तासांची अट नाही. परिणाम? जुलै २०२५ मध्ये सरकारनं नेमलेल्या प्रा. जिलियन लेंग यांचा पीएंबद्दलचा अहवाल आला. त्यात म्हटलंय की निदान न झालेले पेशंट पीएंनी बघू नयेत, अगदी ठरवून दिलेले साधे आजार सोडून, आणि आमच्याकडचं फिजिशियन असोसिएट हे नाव बदलून परत फिजिशियन असिस्टंट करावं. गंमत अशी की अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेनं २०२१ मध्ये नेमकं उलटं ठरवलं, असिस्टंटचं असोसिएट.

माझं मत कुणाला आवडणार नाही. बुद्धी आहे, वय आहे, तर डॉक्टर व्हा. मधला रस्ता मधेच सोडतो. काका मूळ मुद्द्यावर बरोबर आहेत.

रात्रपाळी

लेस्टरचे डॉक्टर, तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा पडला की! तासांशिवाय घेतलं आणि लोकांचा भरवसा बसला नाही, असं तुम्हीच लिहिलंत. मग तास हवेत की नकोत?

आणि मधला रस्ता मधेच सोडतो म्हणजे काय? मी पाच वर्षं ऑर्थोत होते, मग इमर्जन्सीत आले. ऑर्थोच्या सर्जनला उद्या इमर्जन्सीत यायचं तर पुन्हा रेसिडेन्सी. माझ्या वर्गातली एक जण आता त्वचारोगात आहे, शनिवार-रविवार सुट्टी. अमेरिकी कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांत पीएचा मध्यम पगार १ लाख ३० हजार डॉलर आहे. मधेच सोडलेल्या माणसाला बरा मिळतो म्हणायचा.

लेस्टरचा जीपी

पगारावर वाद नव्हताच. रात्री तीन वाजता अंतिम जबाबदारी कुणाची, यावर आहे. पण तासांबद्दलचं मान्य करतो. आमच्याकडे आधी हजार तास वॉर्डात राबवले असते तर निदान अर्धी भांडणं टळली असती.

हिशेबनीस

सगळे तासांवर भांडताहेत, पैशावर कुणीच बोलत नाही. अमेरिकेत १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज, बंद. साध्या ग्रॅज्युएट कोर्सला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरपर्यंत. प्रोफेशनल कोर्सला वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख. शिक्षण खात्यानं प्रोफेशनलची जी व्याख्या प्रस्तावित केली तीत डॉक्टर, डेंटिस्ट, वकील आहेत, पीए नाही. २७ महिन्यांची फी आणि राहणं मिळून लाख डॉलर सहज ओलांडतात, आणि कोर्स इतका भरगच्च की सोबत नोकरी जवळपास अशक्य. वरची तफावत खासगी कर्जानं भरायची किंवा बापानं.

तेव्हा काका, वर्षभर सीएनएचं काम करून चार पैसे साठत असतील तर साठू द्या. मुलगी घरीच राहतेय ना?

एडिसनवाला

घरीच राहते. धागा वाचून दाखवला तिला. लॅपटॉपवालीच्या उलट्या पट्ट्यावर खूप हसली.

थोडं मागे येतो. मेडिकल स्कूल तास मागत नाही असं मी लिहिलं, त्यावर मुलीनंच टोकलं की आकडा लिहीत नाहीत, पण क्लिनिकल अनुभव नसेल तर तिथेही दारात उभं करत नाहीत. बरं. ड्यूकची गोष्ट मला माहीत नव्हती. आणि सांगलीच्या ताई, जाच हा शब्द मागे घेतो.

टोलनाका मात्र मागे घेत नाही. कारण सांगतो. सीएनएच्या कोर्सला केंद्र सरकारची किमान अट आहे ७५ तासांची. ७५ तासांत शिकता येणारं काम २००० तास केलं की दोन हजाराव्या तासाला नवीन काय शिकतो माणूस? रात्रपाळींची विद्यार्थिनी हुशार होती म्हणून थांबली. त्याच नर्सिंग होममध्ये ज्यानं त्वचा ठीक असं लिहिलं, त्याचेही हजारो तास झालेलेच असणार की.

रात्रपाळी

हा बाण लागला. याला माझ्याकडे उत्तर नाही. तास मोजता येतात, लक्ष मोजता येत नाही. शाळा म्हणूनच शिफारसपत्रं आणि पाच हजार अक्षरांचा निबंध मागतात. त्यात लहानपणापासून लोकांची सेवा वगैरे लिहू नको म्हणावं तिला. एक पेशंट, एक पाळी, तिनं स्वतः काय पाहिलं आणि काय चुकलं, तेवढं लिही. आणि पत्र देणारी व्यक्ती तिला काम करताना पाहिलेली हवी. तुमच्या ओळखीतले डॉक्टर मित्र नकोत.

एडिसनवाला

ओळखीतला डॉक्टर मित्र मागच्या वेळी होताच. :(

आता खरा प्रश्न. कोर्स या महिन्यात संपेल. जूनपर्यंत सीएनएचे फार तर ३०० तास होतील, स्क्राइबचे ६५० धरून साडेनऊशेच्या आसपास. जूनमध्येच अर्ज करावा, की पुढच्या एप्रिलपर्यंत थांबून दोन हजार घेऊन जावं?

लॅपटॉपवाली

जून. पण नऊ शाळा डोळे मिटून नकोत. स्क्राइबला पेशंट केअरमध्ये धरणाऱ्या शाळा आधी शोधा, पानावर लिहिलेलं नसेल तर अॅडमिशन ऑफिसला सरळ ईमेल करा.

सांगलीची डॉक्टरीण

मी थांबा म्हणेन. मी घाई केली होती. दोन वर्षं ओळीनं फी भरली, दोन्ही वेळा हात हलवत परत आले.

रात्रपाळी

जून, आणि नर्सिंग होमही सोडायचं नाही. इंटरव्ह्यू सहसा ऑगस्टनंतर येतात, तोवर सांगायला काहीतरी जमलेलं असेल. पहिली पाळी कधी आहे तिची?

एडिसनवाला

सोमवारी सकाळी सात ते तीन. बस नाही त्या बाजूला. मीच सोडणार आहे.