चर्चा धागा : नियम उमेदवारांसाठी की उमेदवार नियमांसाठी? (२००८ची मिशिगन-फ्लोरिडा भानगड)

तिरकसराव

अमेरिकेतल्या प्रायमरींचा (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यातल्या मतदानाचा) विषय निघाला की माझं डोकं अजूनही २००८पाशीच तापतं. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कुणीही ५ फेब्रुवारीच्या आधी मतदान घ्यायचं नाही. मिशिगनने १५ जानेवारी धरली, फ्लोरिडाने २९. पक्षाने दोघांचेही सगळे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) काढून घेतले. तिथे प्रचार करणार नाही, अशी हमी प्रमुख उमेदवारांनी सहीनिशी दिली. ओबामा आणि तिसरे उमेदवार एडवर्ड्स यांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावही काढलं. हिलरी क्लिंटनबाईंनी ठेवलं, आणि ही मतं मोजली जाणारच नाहीत असं स्वतः रेडिओवर सांगितलं.

पुढे ओबामा डेलिगेटमध्ये पुढे निघून गेले, आणि तीच मतं अचानक पवित्र झाली! 'प्रत्येक मत मोजा' म्हणे. कहर म्हणजे हॅरल्ड इकिस. पक्षाच्या नियम समितीत बसून यांनीच शिक्षेच्या बाजूने मत दिलं होतं. ३१ मे २००८च्या बैठकीत तेच गृहस्थ क्लिंटन यांचे सल्लागार म्हणून लोकशाहीच्या नावाने गळा काढत होते. हरकत घ्यायची तर सही करताना घ्यायची होती.

टॅम्पाकर

तिरकसराव, सोयीचं तेवढं सांगितलंत. मी तेव्हा फ्लोरिडात होते. तारीख अलीकडे ओढली ती रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने, सही गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांची. सामान्य मतदाराने काय पाप केलं? त्याच दिवशी मालमत्ता कराच्या घटनादुरुस्तीवरही मतदान होतं, म्हणून आमच्या केंद्रावर रांग लागली होती. पुढच्या आजींना कर्मचारी एवढंच विचारत होता की कुठल्या पक्षात नोंदणी आहे. तुमचं मत धरणार नाहीत, असं कुणी सांगितलं नाही. सतरा लाखांवर डेमोक्रॅट मतं पडली आणि सगळ्यांची नावं मतपत्रिकेवर होती. ती मोजा म्हणणं म्हणजे नियम वाकवणं?

तिरकसराव

@टॅम्पाकर, विधिमंडळातल्या डेमोक्रॅट सदस्यांनीही त्या विधेयकाला मतं दिली होती, हे राहिलं. बाकी फ्लोरिडाबद्दल अर्धं मान्य. पण मिशिगन? जिथे मुख्य प्रतिस्पर्ध्याचं नावच नाही, तिथले ५५ टक्के हा विजय? नाव नसताना ४० टक्के लोकांनी 'अनकमिटेड'वर (म्हणजे कुणाच्याच बाजूने नाही) खूण केली. ती खूण कुणाविरुद्ध होती ते सांगायला ज्योतिषी नको.

खडूस_वकील

मिशिगनमध्ये नाव काढा असं कुठलाही नियम सांगत नव्हता. ओबामांनी काढलं ते आयोवा-न्यू हॅम्पशायरवाल्यांना खूष करायला. तोही हिशेबच होता, त्याग नव्हे. डॉड आणि कुसिनिच या इतर उमेदवारांचीही नावं मतपत्रिकेवर होती, त्यांना कुणी बोल लावत नाही.

आणि ३१ मेला समितीने काय केलं ते बघा. मिशिगनचे डेलिगेट ६९ आणि ५९ असे वाटले, प्रत्येकाला अर्धं मत. क्लिंटन यांना मतांच्या हिशेबाने ७३ मिळायला हवे होते, म्हणजे चार काढून ओबामांना दिले. कशाच्या आधारावर? एक्झिट पोल वगैरे पाहून काढलेला अंदाज! मतपेटीतून आलेला आकडा अंदाजाने बदलायचा, हे कुठल्या नियमात बसतं? इकिस त्या दिवशी भडकले ते चुकीचं नव्हतं.

चहाबाज

आपल्याकडे हे बरं आहे. तिकीट 'वरून' येतं, प्रायमरीची कटकटच नाही. 😀

टॅम्पाकर

@चहाबाज, त्यासाठी वेगळा धागा काढा.

@खडूस_वकील, +१. आणि शेवट विसरू नका. ऑगस्टमध्ये, उमेदवारी ठरल्यावर, दोन्ही राज्यांना पूर्ण मतं परत दिली. मग शिक्षा नक्की कुणाला झाली?

तिरकसराव

माझं म्हणणं तेच तर आहे! मतांची गरज होती तेव्हा भांडण, गरज संपली तेव्हा उदार मन. वकीलसाहेब, त्या चार डेलिगेटवर मीही समितीच्या बाजूने उभा राहणार नाही. पण तो गुंता झाला कशामुळे? सही करून फिरलेल्या क्लिंटनबाईंमुळे.

खडूस_वकील

सही प्रचार न करण्यावर होती, आणि प्रचार क्लिंटन यांनी केला नाही. मतदान संपल्यावर संध्याकाळी फ्लोरिडात सभा घेतली, ती खटकते, कबूल. पण ओबामांची देशभर चाललेली टीव्ही जाहिरात फ्लोरिडातही दिसतच होती. तिच्याबद्दल बोला की.

लांबूनच_बरा

२०२४ला न्यू हॅम्पशायरने पुन्हा पक्षाने ठरवलेला राज्यांच्या मतदानाचा क्रम झुगारला. बायडन यांनी नाव दिलंच नाही, तरी लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं. डेलिगेटचा घोळ यथावकाश मिटला. म्हणजे सोळा वर्षांनीही राज्यांना माहीत आहे की पक्ष डोळे वटारतो आणि अधिवेशनाला खुर्च्या देतो. उमेदवारांवर कसले चिडता, पक्षाला आधी विचारा.

तिरकसराव

पक्षालाही विचारतो. पण हमीवर सही पक्षाने नव्हती केली.