प्रतिसाद: साधन दिले, पुढे काय?
दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या योजनांमधील अहवाल म्हणजे नुसता कागदी पसारा, असे मत मांडले गेले आहे; त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत अनुदान घेणाऱ्या संस्थेला लाभार्थ्यांची यादी आणि सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 नुसार नमुना 12-अ मधील उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाले याचा दाखला) द्यावे लागते. ते नसेल तर पुढचे अनुदान अडते, आणि जनतेच्या पैशाबाबत ते अडायलाच हवे.

मात्र कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलभागातील वाडीवर दिलेली तीनचाकी सायकल पहिल्या पावसाळ्यानंतर चालते की गोठ्यात गंजत पडते, हे त्या प्रमाणपत्रावरून उमगत नाही. त्याच कारणासाठी पुन्हा साधन मिळायला प्रौढांना तीन वर्षे थांबावे लागते (बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एका वर्षाची आहे), त्यामुळे बिघाडाची नोंद न होणे महागात पडते. अमेरिकेत 1998 च्या साहाय्यक तंत्रज्ञान कायद्याखाली राज्यांना साधनांची प्रात्यक्षिके, उसनवारी आणि पुनर्वापर यांचाही हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे निदान दुरुस्तीची नोंद तरी मागवावी.

त्यासाठी नवी यंत्रणा नको. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर दिव्यांगांसाठी काम करणारे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आहेतच. सहा महिन्यांनी त्यांनी घरी जाऊन पाहावे, आणि मराठी बोलणाऱ्या खानापूर, निपाणीकडे ती विचारपूस मराठीतही व्हावी. कन्नड अर्जावर अंगठा उमटवून घेतला की तक्रार शून्य दिसते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.