घरी बांधलेल्या पाच फुटी टाकीचे पाणी पुन्हा पुन्हा दुधाळ होते, उपाय सुचवावा

गोदाकाठ

नमस्कार. नाशिकला आमचे तळमजल्यावरचे जुने घर आहे. वडिलांना माशांची फार आवड असल्यामुळे गेल्या दोन महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून बैठकीच्या खोलीसाठी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी घरीच बांधली. १२ मिलिमीटर जाडीच्या काचा काचवाल्याकडून मापात कापून आणि कडा घासून घेतल्या व व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या पारदर्शक सिलिकॉनने त्या जोडल्या. चौकोनी लोखंडी पाइपचे स्टँड वेल्डिंग करून घेतले, त्यावर १८ मिलिमीटरचे प्लायवूड आणि त्यावर थर्मोकोलचा थर ठेवला. टाकी कोठेही गळत नाही.

अडचण पाण्याची आहे. सिलिकॉन लावल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही टाकी भरली, त्यात निम्मे बोअरचे आणि निम्मे महापालिकेचे पाणी होते. तळाला संगमरवराची बारीक पांढरी खडी साधारण साठ किलो घातली. ती दोन पाण्यांनी धुतली होती. पहिल्या दिवशी पाणी पांढरे झाले, पण तिसऱ्या दिवशी ते इतके निवळले की मागच्या काचेला लावलेले निळे चित्र स्पष्ट दिसू लागले, आणि त्याच संध्याकाळी आम्ही बारा गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवसापासून पाणी पुन्हा पांढुरके झाले. ताकाच्या निवळीत पाहावे तसे दिसते, आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला की बोटे दिसत नाहीत.

तेव्हापासून तीन वेळा ऐंशी टक्के पाणी बदलले आणि प्रत्येक वेळी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी स्वच्छ पिळून काढला. एक दिवस पाणी बरे राहते, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. दुकानातून आणलेले पाणी निवळण्याचे द्रावणही घालून पाहिले. दोन मासे दगावले. उरलेले दहा पहाटे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करत राहतात, ते पाहवत नाही. फिल्टर तासाला आठशे लिटरचा आहे आणि दिवसातून तीनदा खाद्य घालतो. शेजारचे काका तुरटी फिरवण्यास सांगत आहेत. ती फिरवावी का, आणि हे पाणी नेमके कशामुळे बिघडते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवळशंख

आपण तारखेवार सांगितले, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले. आपल्या टाकीत पाणी दोन वेळा पांढरे झाले आणि दोन्ही वेळची कारणे वेगळी आहेत. पहिल्या दिवशीचा पांढरेपणा खडीच्या भुकटीचा होता. संगमरवराची साठ किलो खडी दोन पाण्यांत धुतली जात नाही. घमेल्यात थोडी थोडी घेऊन वरचे पाणी अगदी नितळ निघेपर्यंत ती हाताने चोळावी लागते. ती भुकटी दोन दिवसांत खाली बसली. पाचव्या दिवशी जे आले ते जिवाणूंचे आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर आज रात्री काचेच्या पेल्यात टाकीतले पाणी घ्या आणि न हलवता सकाळपर्यंत ठेवा. तळाशी पांढरा साका बसला आणि वर पाणी स्वच्छ झाले, तर ती भुकटी. पेला सकाळीही तसाच दुधाळ दिसला, तर जिवाणू. पेल्यामागे पांढरा कागद धरल्यावर हिरवट झाक दिसली तर ते तरंगते शेवाळ समजावे; त्याचे कारण उजेड असते आणि टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवणे हा त्याचा उपाय असतो. आपल्या वर्णनात हिरवेपणा नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

नव्या टाकीत दोन प्रकारचे जिवाणू वाढू लागतात. एक प्रकार उरलेले खाद्य, माशांची विष्ठा अशा सेंद्रिय पदार्थांवर जगतो, पाण्यात मोकळा तरंगतो आणि पोषण मिळाले की तासाभरातही दुप्पट होऊ शकतो. पाणी दुधाळ दिसते ते त्याच्यामुळे. दुसरा प्रकार माशांनी सोडलेल्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतो, स्पंजला, खडीला आणि काचेला चिकटून राहतो, आणि त्याला दुप्पट होण्यास निम्मा दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. टाकी खऱ्या अर्थाने तयार होते ती हा दुसरा प्रकार पुरेसा वाढल्यावर, आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण प्रत्येक वेळी क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज पिळला, तेव्हा नुकतीच बसू लागलेली ही वस्ती धुऊन गेली, आणि बदललेल्या पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंना पुन्हा मोकळे रान मिळाले. स्वच्छतेसाठी केलेल्या कष्टांनीच ते पाणी नवे राहत होते, हे कळल्यावर वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. माझ्या पहिल्या टाकीत मी हेच दीड महिना केले होते आणि सहा एंजल फिश गमावले होते.

पहाटे मासे वर येतात ते प्राणवायू कमी पडल्यामुळे. हे जिवाणूही तोच प्राणवायू वापरतात, आणि पाणी जितके उबदार तितका तो कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून आजच्या आज दोन हवेच्या दगडांचा (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र तुकड्यांचा) एअर पंप चोवीस तास चालू करा आणि फिल्टरचे पाणी पृष्ठभागावर उंचावरून पडू द्या. खाद्य तीन दिवस पूर्ण बंद ठेवा, मासे उपाशी मरणार नाहीत. त्यानंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. स्पंजला महिनाभर हात लावू नका आणि पाणी बदलणे थांबवा. फिल्टरही लहान आहे. आपल्या टाकीत सुमारे साडेचारशे लिटर पाणी आहे, तेव्हा तासाला दोन हजार लिटरच्या आसपासचा पंप हवा.

काचकाम

पाण्याबद्दल वरच्या उत्तरात नीट आले आहे. मी गेली अनेक वर्षे टाक्या बांधतो, म्हणून दोन गोष्टी बांधणीच्या सांगतो. त्यांतली एक पाण्याशीही जोडलेली आहे.

व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाकीसाठी योग्यच असते, फक्त त्यावर बुरशीरोधक असे लिहिलेले नसावे, कारण न्हाणीघरासाठी बनवलेल्या त्या प्रकारातले औषध माशांना बाधते. मात्र हे सिलिकॉन हवेतली आर्द्रता घेऊन बाहेरून आत सुकत जाते, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. १२ मिलिमीटरच्या काचेच्या सांध्यात आतला भाग तिसऱ्या दिवशी ओलाच असणार. तो सुकताना जे ॲसेटिक आम्ल सुटते ते पाण्यात उतरते आणि तरंगणाऱ्या जिवाणूंना तेही खाद्यच आहे, तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या दुधाळपणात त्याचाही वाटा असू शकतो. आता इतके दिवस उलटल्यावर ती चिंता नाही, पण दुसरी टाकी बांधाल तेव्हा आठ दिवस तरी थांबा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या आणि मधोमध आडवी पट्टी लावली आहे का, हे आपण लिहिलेले नाही. पंचावन्न सेंटिमीटर उंच पाण्याचा पुढच्या पाच फुटी काचेवर एकूण सव्वादोनशे किलोंच्या आसपास दाब येतो आणि मधोमध ती काच बाहेरच्या बाजूला फुगते. काचेच्या वरच्या कडेला आतल्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. दोरा आणि काच यांत मध्यभागी अंतर दिसले, तर पाणी निम्म्यावर आणा आणि चार इंच रुंदीच्या पट्ट्या चिकटवून घ्या. सांधा अचानक सुटला तर साडेचारशे लिटर पाणी एका क्षणात खोलीत येते, आणि घरात लहान मुले असतील तर काचेचीही भीती असते.

घर तळमजल्यावर आहे हे फार बरे झाले. पाणी, काच आणि खडी मिळून वजन सव्वासहाशे किलोंच्या पुढे जाते आणि ते एक चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर येते. राहत्या घरांच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला दोनशे किलो असा धरतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे वाचून अशी टाकी अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये.

सह्याद्रीचे झरे

निवळशंख यांच्या एका सूचनेशी मी सहमत नाही. टाकी रिकामी असती तर पाणी न बदलता वाट पाहणे हाच उत्तम मार्ग ठरला असता. पण इथे दहा मासे आत आहेत आणि निम्मे पाणी बोअरचे आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, आठच्या आसपास असतो. पाण्यातल्या अमोनियाचा विषारी अंश पीएचवर अवलंबून असतो: पाणी २८ अंशांना असताना पीएच ७ ला तो शेकडा एकाहूनही कमी, तर ८.२ ला सुमारे दहावा हिस्सा. म्हणजे चाचणीत दिसणारा आकडा तोच असला तरी आपल्या माशांना त्याचा त्रास दहापटीहून अधिक होतो. म्हणून अमोनियाचे टेस्ट किट आणा आणि आकडा लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर असेल तितके दिवस रोज चौथा हिस्सा पाणी बदला. ते पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून त्यात हवेचा दगड सोडून ठेवा किंवा अँटीक्लोरीन घाला. ऐंशी टक्के एकदम बदलणे आणि रोज चौथा हिस्सा बदलणे यांत माशाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

तुरटी अजिबात फिरवू नका. पावसाळ्यात नदीचे पाणी पिण्यासाठी निवळताना ती काम करते, कारण मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात आणि तुरटीतले ॲल्युमिनियम त्यांना एकत्र आणून खाली बसवते. टाकीत मात्र ती पाण्याची क्षारता खाते, पीएच घसरवते, आणि पाणी आम्लधर्मी झाले की तेच ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसते. कोणी निवळीच्या बिया उगाळून घालण्यास सांगेल. माझ्या आजीच्या घरी रांजणात त्या फिरवलेल्या मी पाहिल्या आहेत आणि पाणी खरोखर निवळते, पण बी उगाळून घालणे म्हणजे पाण्यात आणखी सेंद्रिय पदार्थ घालणे, आणि आपल्याला तर तोच कमी करायचा आहे.

संगमरवराची खडी काढून टाकण्याची घाई नको. तिच्यावर लिंबाचा रस टाकला तर फेस येईल, कारण ती चुन्याची आहे. पण आधीच जड असलेल्या पाण्यात ती फारशी विरघळत नाही आणि गोल्डफिशना जड पाणी मानवते. पुढे कधी मऊ पाण्यातले मासे ठेवायचे ठरले तर काळ्या दगडाची खडी घ्या.

निवळशंख

झरे यांचे म्हणणे बरोबर आहे. मासे आत असताना पाणी बदलणे थांबवा, असे मी सरसकट लिहायला नको होते. गोदाकाठ, कृपया त्यांच्या पद्धतीने जावे. स्पंज, खाद्य आणि हवा यांबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे. शहरात कोणाची दोन-चार महिने जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंगा (जिवाणूंना चिकटून राहता येईल अशी सच्छिद्र कडी) टाकीतल्याच पाण्यात बुडवून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. त्याने आठवडे वाचतात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचे नाही असे वडिलांनी ठरवले होते.

पेल्यातले पाणी सकाळी तसेच दुधाळ होते. अमोनिया पहिल्या दिवशी दोन मिलिग्रॅम आला आणि पीएच ८.२. दोरा ताणून पाहिला तेव्हा मध्यभागी जवळजवळ तीन मिलिमीटर अंतर दिसले. काचकाम यांनी सांगितले नसते तर ते आमच्या कधी लक्षातच आले नसते. दहाही मासे दोन मोठ्या टबांत एअर पंप लावून ठेवले, फिल्टर त्यांतल्याच एका टबावर चालू ठेवला, टाकी निम्मी रिकामी करून पट्ट्या चिकटवल्या आणि या वेळी पूर्ण नऊ दिवस थांबलो. टबांतले पाणी रोज बदलणे हे वडिलांनी स्वतःकडे घेतले होते. गंगापूर रोडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या जुन्या टाकीतला स्पंज दिला.

टाकी पुन्हा भरल्यावर चौथ्या दिवशी पाणी पांढुरके झाले, तेव्हा आईने स्पंज धुवायला घेतलाच होता आणि वडिलांनी तिला थांबवले. आठव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून टाकीच्या आरपार मागचे निळे चित्र दिसले. आता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आहेत, नायट्रेट वीसच्या आसपास आहे, आणि दहाही मासे तळाशी खडी चाळत फिरतात. मुलगी आणखी सहा मासे आणू म्हणते आहे. आणावेत का?

निवळशंख

फार आनंद झाला. आणखी मासे आणू नयेत असे मला वाटते. हे गोल्डफिश आज बोटाएवढे असले तरी वर्ष-दोन वर्षांत वीतभर होतात, आणि साडेचारशे लिटरला दहा ही संख्या तेव्हा पुरेपूर भरेल. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलत राहा. स्पंज आता धुवायला हरकत नाही, पण तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीन वेळा हलकेच दाबून. वीज चार-पाच तासांहून अधिक गेली तर बंद फिल्टरच्या डब्यात साचलेले पाणी टाकीत येऊ देऊ नका. आधी ते ओतून टाका आणि मग पंप सुरू करा.